न दुखणारे पाय

तोझ पुन्हा सुरू झाला आहे. सकाळी खिडकीच्या फटीत ओला टॉवेल दाबून बसवला होता. दुपारपर्यंत तो वाळून विटकरी झाला. समोरची इमारत दिसत नाही. सूर्य आहे, पण न घासलेल्या पितळी ताटलीसारखा. त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहता येते. कुवेतच्या रिग्गई भागात राहणाऱ्याला हे नवे नाही. वायव्येकडून वारा सुटतो, वाळवंटाची वरची साय उचलतो आणि शहरावर आणून टाकतो. चहात कच, पोळीत कच, बायबलच्या पानांत कच. इथले लोक या धुळीला तोझ म्हणतात. आम्हीही तेच म्हणतो. आपल्याकडची धूळ कधीतरी खाली बसते. हिला बसणे ठाऊक नाही.

पूर्वी या दिवसांचे मला काही वाटत नसे. गेल्या वर्षापासून वाटते. हवा पिवळी झाली की मी उठून न्हाणीघरात जातो आणि नळाखाली हात धरतो. माझी मुलगी रूथ स्वयंपाकघरातून विचारते, "पप्पा, परत?"  हात पोळतो. पोळला म्हणजे बरे वाटते.

या नळाविषयी सांगितले पाहिजे. उन्हाळ्यात कुवेतमध्ये थंड पाण्याच्या नळाला येते ते गच्चीवरच्या टाकीचे पाणी. ती टाकी दिवसभर उन्हात शिजत असते. म्हणून जाणता माणूस उन्हाळा लागताच गीझर बंद करतो आणि गरम पाण्याचा नळ सोडतो. बंद गीझरमध्ये, घराच्या सावलीत साठून राहिलेले पाणी तेवढे अंगाला सोसते. नळांची नावे चार महिने उलटी होतात. नवा आलेला माणूस एकदा चुकतो, हात झटकतो आणि आयुष्यभरासाठी शिकतो. ज्याला पोळत नाही, त्याला मात्र हे शिकण्याचा मार्ग नाही.

आम्ही मेनोनाइट. ख्रिस्ती लोकांतला हा एक लहान पंथ; मराठी वाचकाच्या कानावरून हे नाव क्वचितच गेले असेल. आम्ही शपथ घेत नाही. होय म्हटले की होय, नाही म्हटले की नाही. देवाला साक्षीला बोलावण्याची गरज पडू नये, असे आम्हांला शिकवलेले असते. शस्त्र हाती धरत नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, उपासनेला वाद्य नसते, चार आवाजांत गातो. आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाच्या स्मरणाच्या, दिवशी गुडघे टेकून एकमेकांचे पाय धुतो. पुरुष पुरुषांचे, बायका बायकांचे. दुष्काळात पोरक्या झालेल्या माझ्या आजोबांना मिशनने उचलले, म्हणून आम्ही मेनोनाइट. त्यापूर्वीचा आमच्या घराण्याला इतिहास नाही.

कुवेतमध्ये आम्ही मूठभर आहोत. बहुतेक गोंदिया-बालाघाटच्या पट्ट्यातले. परिचारिका, चालक, तंत्रज्ञ. मी स्वतः इथल्या एका इस्पितळात क्ष-किरण विभागात आयुष्य काढले. शुक्रवारी सगळे आमच्या दिवाणखान्यात जमतात. गातो ते हळू आवाजात. वाद्य नसल्याचा इथे उपयोगच होतो. भिंती पातळ आहेत. तरी खाली किराण्याचे दुकान चालवणारे हसनभाई, रत्नागिरीचे, एकदा म्हणाले होते, "काका, पेटी नाय, तबला नाय, टाळी पण नाय. तुमचा देव झोपत असंल."

"म्हणूनच हळू गातो, भाई," शांतवन म्हणाला होता. "उठला तर तुमचा तराजू तपासंल."

हा शांतवन बोरकर. सुलैबियाच्या भाजीबाजारातून दुकानांना माल पोचवणारी गाडी तो चालवत असे. आम्ही एका गावचे, एका शाळेचे. कुवेतला तो माझ्या मागून आला. पाय धुण्याच्या वेळी आमची जोडी ठरलेली. इतक्या वर्षांत मी दुसऱ्या कोणाचे पाय धुतले नाहीत, त्यानेही नाहीत. माणसाचा चेहरा जसा ओळखीचा होतो तसे त्याचे पाय मला ओळखीचे होते. उजव्या घोट्यावर बैलगाडीच्या चाकाचा जुना वण. डाव्या अंगठ्याचे नख वाकडे. टाचा भेगाळलेल्या. त्याला गुदगुल्या फार होत. गंभीर प्रार्थनेच्या मध्यावर तो फिस्सकन हसे आणि त्याची बायको पलीकडच्या ओळीतून डोळे वटारी. ती गेली. मूल नव्हते. त्यानंतरही तो हसत असे. कधी थांबला, ते माझ्या लक्षात आले नाही. ज्या वर्षी तो हसला नाही त्या वर्षी मला वाटले, वय झाले, पोक्तपणा आला.

गावी वैनगंगेच्या काठी आमची वस्ती आहे. नाव मोठे आहे. आम्ही नुसते वस्ती म्हणतो. मिशनने प्रथम तिथे दुष्काळातली मुले ठेवली. मुले मोठी होऊन पांगली, तेव्हा त्याच आवारात महारोग्यांसाठी कौलारू खोल्या उठल्या. गावाने हाकललेली माणसे बैलगाडीतून येत आणि फाटकाशी उतरत. एक परदेशी परिचारिकाबाई पहिल्या दिवशी त्यांचे पाय धुई, नंतर नाव विचारी. पुढे औषध निघाले, रोग ओसरला, नवे रोगी येईनासे झाले. जुने बरे झाले, पण त्यांना परत नेणारे कोणी आले नाही. ते तिथेच म्हातारे झाले. मंडळीने विचार केला: हे म्हातारे झाले, आपणही होणार, मुले तर नागपूर, पुणे, आखात अशी विखुरलेली. मग कोणीही एकट्याने म्हातारे होऊ नये एवढा एकच हेतू धरून त्या खोल्यांना नवी कौले घातली. आजूबाजूच्या मंडळींतले लोक सुट्टी घेऊन येत, विटा वाहत, भिंत चढवत, एकत्र जेवून परत जात. एक ओळ झाली. मग जेवणघर. मग विणकामाची पडवी, भाजीचा मळा, दुसरी ओळ. इथल्या, कुवेतच्या, बायका इस्पितळातल्या जुन्या गणवेशांच्या गोधड्या शिवून पाठवतात. प्रत्येक नव्या खोलीत एक. एका खोलीत दोघांनी राहायचे, एकाने दुसऱ्याकडे बघायचे, ही तिथली पद्धत.

वस्ती वाढली तसे नियम आले. सर्वांत मोठा नियम: येणाऱ्याने आपल्या पायांनी चालत यावे. आत आल्यावर कोणी अंथरुणाला खिळला तर त्याला टाकत नाहीत. पण खिळलेल्याला घेत नाहीत. उठवायला, बसवायला तरुण हात तिथे नाहीत. एक म्हातारा दुसऱ्याला किती उचलणार?

इथून वस्तीत कोण जाणार, त्याच्याविषयी व्यवस्थापक मनोहरभाऊ मला फोनवर विचारीत. लेखी काही नसे. "चालता येतं ना, भाऊ?" मी होय म्हणे. तेवढे पुरे. अशी बरीच माणसे मी पाठवली. प्रत्येक वेळी ते शेवटी विचारीत, "आणि तुम्ही कधी?" मी म्हणे, "पाहू." पाहू म्हणजे होयही नव्हे, नाहीही नव्हे, आमच्या पंथात एवढीच काय ती पळवाट आहे. मला वस्तीचे भय वाटे. सांगायला हरकत नाही. तिथून आलेल्या प्रत्येक फोनात खोल्या वाढलेल्या असत आणि ओळखीची नावे कमी झालेली असत.

भयाचे मूळ त्याहून जुने आहे. माझे वडील त्याच आवारात रोग्यांच्या मलमपट्ट्या करीत. लहानपणी मी पडवीच्या खांबाआडून पाहत असे. वडील रोग्याला डोळे मिटायला सांगत आणि कोंबडीचे पीस त्याच्या तळव्यावरून फिरवीत. "कळलं का?" रोगी डोळे मिटून वाट पाही. पीस फिरून गेलेले असे आणि तो अजून वाटच पाहत असे. त्याच्या चेहऱ्यावरचे ते थांबणे मी विसरलो नाही. चुलीतला निखारा पायाखाली आला तरी त्या माणसांना कळत नसे. झोपेत उंदीर बोटे कुरतडून जात आणि सकाळी ते जखम पाहून नवल करीत. मी घरी येऊन पांघरुणात आपल्याच पायांना चिमटे घेई. वडिलांनी एकदा पाहिले. म्हणाले, "दुखतं त्याला भिऊ नये. दुखायचं थांबतं त्याला भ्यावं."

शांतवनला हे सगळे माझ्याहून जवळून ठाऊक होते. त्याची आई तिथली रोगी होती. तो जन्मला आणि त्याला भिंतीपलीकडच्या निरोगी मुलांच्या वसतिगृहात नेले. रविवारी देवळात रोग्यांचे बाक वेगळे. तिथून ती त्याला पाही. पाय धुण्याच्या दिवशी तो मुलांच्या ओळीतून मान लांब करून बघे, आज आईचे पाय कोण धुते आहे. शाळेत यावरून त्याला कोणी चिडवले की तो मारामारी करी आणि मग मेनोनाइट असून हात उगारला म्हणून आणखी मार खाई.

गेल्या वर्षी त्याचे जायचे ठरले. त्याच्या वर्षभर आधीच त्याने गाडी चालवणे सोडले होते. डोळे अधू झाले, असे तो सांगे. मालक भला माणूस. गोदामात बसायचे काम दिले. पण इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपत आला होता, तो पुन्हा मिळण्याचे वय राहिले नव्हते, आणि जगाच्या पाठीवर त्याला जायला वस्तीखेरीज जागा नव्हती. मनोहरभाऊंना मी होय म्हणून टाकले होते. तो रोज जिने चढून माझ्याकडे येत होता. मी दुसरे काय म्हणणार?

कायमचे गावी जाणाऱ्याचे पाय धुऊन त्याला निरोप द्यायचा, ही इथल्या मंडळीची आपली रीत. शांतवन ती पुढे ढकलत राहिला. "धूळ बसू दे," म्हणे. धूळ बसली नाही. दुसऱ्या शुक्रवारी म्हणाला, पाय मुरगळला आहे. तिसऱ्या शुक्रवारी आलाच नाही. मला त्याच्या वागण्याचा राग आला. मग रागाखाली दुसरे काही हलू लागले. तो घरातसुद्धा मोजे घालत होता. तोझच्या दिवसांत, त्या उकाड्यात, मोजे. मी मोज्यांकडे पाहिले की तो पाय खुर्चीखाली घेई. विचारायला हवे होते. पण वयाच्या या टप्प्यावर मित्राला काही विचारणे म्हणजे उत्तर ऐकायला तयार असणे. मी तयार नव्हतो.

अखेर एक शुक्रवार ठरला. हवा अशी होती की भर दुपारी दिवे लावावे लागले. दारे-खिडक्या बंद, तरी दिव्याभोवती धूळ तरंगत होती. मंडळी गात होती आणि मधूनमधून कोणीतरी खोकत होते. नव्याने आलेली एक परिचारिका, भंडाऱ्याची मुलगी, लगबगीने न्हाणीघरातून घमेले भरून घेऊन आली. शांतवनने सर्वांकडे पाठ करून मोजे काढले, वळला आणि मी गुडघे टेकण्याआधीच दोन्ही पाय पाण्यात सोडून दिले. मला वाटले, लाजतो आहे.

रूथने प्रार्थना केली. रूथच्या प्रार्थना लांब असतात. तिने प्रवासासाठी मागितले, वस्तीसाठी, तिथल्या आजाऱ्यांसाठी, तिथे चाललेल्या बांधकामासाठी मागितले. आम्ही सर्व डोळे मिटून उभे. बाहेर वारा दारावर वाळू फेकत होता. मूठभर तांदूळ सुपात पडावेत तसा आवाज. आमेन झाले. मी खाली बसलो आणि दोन्ही हात पाण्यात घातले.

हात आपोआप बाहेर आले.

शांतवन वाकून माझ्याकडे पाहत होता. "काहून बे?" तो म्हणाला. "गार हाये का पाणी?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर ते थांबणे होते. डोळे उघडे होते, एवढाच फरक.

"पाय काढ," मी म्हणालो.

"आधी धुऊन तर घे."

"शांतवन, पाय काढ!"

घोट्यापर्यंत लाल मोजा चढवल्यासारखे पाय वर आले. त्यावर कातडी सैल झाली होती. तळव्याला, करंगळीखाली, जुनी जखम होती. ती पाण्याने केलेली नव्हती. ती भंडाऱ्याची मुलगी रडू लागली. "मी थंडाच नळ सोडला होता काकाजी, थंडाच." तिला कोणी काही बोलले नाही. रूथ केव्हाच खाली बसली होती. स्वच्छ चादर ओली करून पायांना गुंडाळताना तिने एकच प्रश्न केला, "काका, कधीपासून कळत नाही?"

तो म्हणाला, "काय कळत नाही?"

त्याला दवाखान्यात जायचे नव्हते. हसनभाईंनी आपली छोटी मालवाहू गाडी आणली. शांतवन त्यांचा हात धरून म्हणाला, "भाई, नको. घरीच हळद लावू."

"हळद कोंबडीला लावतांव आमी," हसनभाई म्हणाले. "बसा गपचूप."

भर दुपारी दिवे लावून गाडी निघाली. रस्ता नव्हता; पुढच्या गाडीचे दोन तांबडे ठिपके होते, तेही कधी असत, कधी नसत. हसनभाई ओठांतल्या ओठांत दुआ म्हणत होते. शांतवन माझ्या शेजारी होता, पाय माझ्या मांडीवर. पोळलेला माणूस कण्हतो. हा कण्हत नव्हता, आणि त्या गाडीत मला धुळीचे, अपघाताचे, कशाचे भय वाटले नाही, एवढे त्या न कण्हण्याचे वाटले.

"मले विमानात बसवतील," तो म्हणाला. "तपासणीत तो रोग निघाला का इथं ठेवत नाहीत. आन् तसा कागद घेऊन वस्तीत गेलो तर?"

"कोणता रोग?"

त्याने हसनभाईंकडे पाहिले आणि आवाज उतरवला. "तुले माहीत हाये कोणता. मायचाच. दोन उन्हाळे झाले. गच्चीत कबुतराचं पीस पडलं होतं. डोळे मिटून स्वतःच फिरवून पाह्यलं."

"मग?"

"मग काय! फिरवतो हे माहीत होतं, म्हणून कळलं असं वाटे. खरं काहीच कळत नव्हतं. गाडीचा ब्रेक दाबला का नाही, हे मले पाय सांगत नव्हता बे. सुलैबियाच्या चौकात एक दिवस एक बाई पोराले घेऊन मधात होती. कशी वाचली, देवाले ठाऊक. त्या दिवशी चावी मालकाच्या हातात दिली."

डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा, बोलायला मोकळा. पाय पाहून त्याचे बोलणे कमी झाले. रक्त घेतले. आम्ही वाट पाहिली. त्या खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती आणि शांतवन भिंतीवरच्या एका चित्राकडे पाहत होता. पायाची आतली रचना, लाल आणि निळी. डॉक्टर परत आला तेव्हा शांतवनने विचारले, "तेच ना?"

"तेच म्हणजे?"

शांतवनने माझ्याकडे पाहिले. मी तो शब्द उच्चारला. डॉक्टर आधी गोंधळला, मग म्हणाला, "छे हो आजोबा! कुठून काढलंत हे? साखर आहे तुम्हांला. केवढी तरी. नसा गेल्यात. कधी तपासली नाही का?"

नव्हती तपासली. इस्पितळात काम करणारा मित्र, परिचारिका असलेली मित्राची मुलगी, शुक्रवारी जमणाऱ्यांत निम्म्या परिचारिका; आणि हा माणूस दोन वर्षे एका चुकीच्या रोगाला भिऊन बरोबरच्या रोगाला वाढवत राहिला. दुसऱ्या कोणाच्या मनात ही शंका आली नसती. वैनगंगेच्या काठच्या त्या आवारात जो वाढला, त्याच्याच येईल. तो हसू लागला. बरेच दिवसांनी हसला. "साखर!" मला कोपराने ढोसून म्हणाला. "नुसती साखर हाये बे!" डॉक्टर हसला नाही. जुनी जखम हाडापर्यंत गेली होती. मी पायाचे क्ष-किरण चित्र मागून उजेडावर धरले. हाडे वाचायला मला कोणाची गरज नव्हती. उजव्या पायाची बोटे काढावी लागतील, हे डॉक्टरने सांगण्याआधी मला कळले होते.

बोटे काढली. उरलेला उन्हाळा तो आमच्या घरी, माझ्या खोलीत होता. मालकाने खटपट करून इकाम्याला एक वर्षाची वाढ मिळवून दिली आणि निक्षून सांगितले, पुढे नाही. जखम भरत नव्हती. रोज सकाळी रूथ कामावर जाण्याआधी पट्टी बदले. मी बाजूला उभा राहून पाही आणि न पाहिल्यासारखे करी. एका सकाळी तिला उशीर झाला, मी पट्टी घेतली. कडेपासून आत, सैल, मग ताण, टाचेला तिरका वेढा. हात वडिलांचे निघाले. रूथ दारात थांबून पाहत होती. "कुठे शिकलात?" तिने विचारले. मी म्हणालो, "खांबाआडून."

मनोहरभाऊंचा फोन यायचा होता. आदल्या दिवशी शांतवन उठून बसला. "चालतो का विचारंल," तो म्हणाला. "तू फक्त हाव म्हण. विमानतळावर गाडी येते. फाटकापासून खाटेपर्यंत मी भिंत धरून जातो. एकदा आत गेलो तर काढून थोडीच टाकतील?"

"आणि विचारले, बरा आहेस का?"

"त्यालेही हाव."

"शांतवन."

"ऐक." त्याने माझे मनगट धरले. त्याच्या हातात अजून गाडी चालवणाऱ्याची ताकद होती. "माझी माय त्या फाटकातून रोगी म्हणून गेली. बैलगाडीतून उतरवली तिले. मी नाही तसा जात. अन् नाही म्हटलं त्यानं, तर मी जाऊ कुठं? सांग. कोणत्या गावी?"

त्या रात्रीविषयी लिहीत नाही. सकाळी फोन आला. रूथ चहा गाळत होती. शांतवन आतल्या खोलीत खाटेवर बसून होता; दार उघडे होते.

"बोरकर बरे आहेत ना? चालता येतं ना, भाऊ?" मनोहरभाऊंनी विचारले. नेहमीचाच प्रश्न, नेहमीच्याच आवाजात.

एक शब्द पुरला असता. कोणी तपासणार नव्हते. माझ्या होयवर त्यांनी आजवर कधी दुसरा प्रश्न केला नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "बोटे काढली आहेत. जखम ओली आहे. पायाला काही कळत नाही. आधी मी होय म्हटले होते. ते चुकीचे निघाले."

आतल्या खाटेचा आवाज झाला.  फोनमध्ये मनोहरभाऊंच्या मागे कुठेतरी विटा उतरवत होते; ते ऐकू येत होते.

"मग कसं करायचं, भाऊ? नियम मी नाही केला. मंडळीने केला."

"पहिले आले त्यांचे पाय असेच होते. तेव्हा हा नियम नव्हता."

"तेव्हा पट्ट्या करायला तुमचे वडील होते," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. ते खरेच विचारात पडले होते. "आता रोज कोण बसणार त्या पायापाशी? इथं जो तो आपलाच पाय सांभाळतो. आजाऱ्यांची खोली अजून छतापर्यंत आली नाही. तुम्हीच सांगा, कोण?"

मी खिडकीकडे पाहिले. पलीकडे काही नव्हते, पिवळे होते. या देशात मी तरुण आलो. माझी बायको इथे गेली. माझी मुलगी, नात, माझी उशी, माझा शुक्रवार इथे आहे. वस्तीत माझ्यासाठी फक्त लहानपणचा तो खांब आहे. हे सारे एका श्वासात मनात आले. भयही आले, आणि त्यामागून शब्द आला.

"मी," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्ही येता?"

"होय."

फोन ठेवला. रूथच्या हातातली गाळणी तशीच होती. "पप्पा, मला विचारायचं तरी."

"विचारले असते तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो, म्हणाले असते," ती म्हणाली आणि पाठ फिरवून उरलेला चहा गाळला. तिचे खांदे मला दिसत होते. मी आतल्या खोलीत गेलो. 

आत शांतवन भिंतीकडे तोंड करून होता. "तुले कोणी सांगतलं होतं?" तो भिंतीला म्हणाला. "मी पडलो का तुझ्या गळ्यात? साधा हाव म्हणता येत नाही माणसाले, अन् चालला पट्ट्या बांधाले." दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी पट्टीच्या वेळी पाय मात्र पुढे केला.

त्याला वर्ष होत आले. जखम हिवाळ्यात भरली, पुन्हा उलली, पुन्हा भरली. खास बनवलेल्या बुटात तो आता काठी घेऊन खोलीभर चालतो. पाय पडतो आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहून ठरवतो. अंधारात पाऊल टाकत नाही. मी रोज अंघोळीनंतर आपल्या तळव्यांवरून कापसाचा बोळा फिरवतो. अजून कळते. कळेल तोवर त्याचे पाय माझ्याकडे आणि माझे पाय देवाकडे, अशी वाटणी आहे. पुढचे मला दिसत नाही. रूथ आमच्या पिशव्या भरते, पुन्हा रिकाम्या करते, पुन्हा भरते. विमान दोनदा पुढे गेले. अशा धुळीत उड्डाणे होत नाहीत. प्रत्येक वेळी मला सुटल्यासारखे झाले, आणि प्रत्येक वेळी इकाम्याचे उरलेले दिवस थोडे कमी झाले. वारा पडला की जायचे. आयुष्यात प्रथमच मी तोझ टिकावा अशी इच्छा करतो आहे.

काल मनोहरभाऊंनी खोली ठरल्याचे कळवले. वस्ती वाढते आहे. तिसरी ओळ झाली. आमची खोली ओळीच्या टोकाची. ऊन चांगले येते, म्हणाले. मग म्हणाले, खिडकी दफनभूमीकडे उघडते. दफनभूमीही त्या बाजूला वाढवावी लागली.

मी हे शांतवनला सांगितले. तो पाय उशीवर ठेवून हसनभाईंनी पाठवलेले खजूर चोरून खात होता. साखर वाढेल म्हणून मी वाटी काढून घेतली.

"खिडकीकडची खाट माझी," तो म्हणाला.

"का?"

"तू घाबरशील."

मी त्याच्याकडे पाहिले. त्याने बोटावरचा खजूर चाटला आणि थट्टा केल्यासारखे तोंड करून पाहिले. पण डोळे थट्टेचे नव्हते. नाही घाबरणार, असे म्हणायला हवे होते. जिभेवर आलेही होते. आमच्यात खोटे बोलत नाहीत.

"बरे," मी म्हणालो. "खिडकीकडची तू घे."